नाव आणि आकडा

खडकी हे नाव आपल्याला शाळेच्या इतिहासात प्रथम भेटते ते ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईमुळे. त्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाची फौज आणि कंपनी सरकारच्या पलटणी पुण्याच्या वेशीबाहेर एकमेकींना भिडल्या आणि मराठी सत्तेच्या अखेरच्या अध्यायाला आरंभ झाला. आज त्याच खडकीत एक युद्ध-दफनभूमी आहे. पण १८१७ साली तिथे पडलेल्यांशी तिचा काही संबंध नाही. दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ सैनिक तिच्यात चिरविश्रांती घेत आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या ज्या कबरींची कायमची निगा राखली जाईल याची शाश्वती नव्हती, त्या एकत्र आणण्यासाठी ही जागा सिद्ध करण्यात आली. पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मृत्यू पावलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नोंदही तेथील स्मारकावर आहे. त्यांतील ६२९ जणांचे अवशेष १९६२ साली मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून इथे आणले गेले. पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या जवळजवळ २०० सैनिकांचेही स्मरण इथे केलेले आहे. जळगाव-धुळ्याकडच्या आमच्या मुलखात अशी दफनभूमी नाही. खानदेशातल्या माणसाला ती पाहायची तर खडकीच गाठावी लागते.

त्या युद्धात पश्चिम भारताच्या भूमीवर लढाई झाली नाही. तेव्हा इथे विसावलेल्यांपैकी पुष्कळांना रणांगणावरचा मृत्यू आलेला नसणार. कोणी तापाने गेला असेल, कोणी अपघातात, कोणी इस्पितळाच्या खाटेवर. घरापासून हजारो मैल दूर, ज्या देशाची भाषा येत नाही अशा देशात, विशीपंचविशीत आलेला मृत्यू. २०२३ साली सर्व मृतांच्या स्मरणदिनी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी रोममधील अशाच एका राष्ट्रकुल युद्ध-दफनभूमीत मिस्सा अर्पण केला, तेव्हा त्यांचे लक्ष प्रथम गेले ते शिळांवरील वयांकडे. नावाआधी वय वाचले जाते, हा अनुभव खडकीतही येतो.

अशा दफनभूमीतील सर्व शिळा सारख्या असतात. हे सहजी घडलेले नाही. १९१७ साली ब्रिटनमध्ये युद्धकबरींसाठी आयोग स्थापन झाला आणि पुढल्या वर्षी सर फ्रेडरिक केन्यन यांनी त्याला आपला अहवाल दिला. अधिकारी असो वा शिपाई, उमराव असो वा मजूर, शिळा एकाच मापाची असेल. कोणाचाही देह मायदेशी नेता येणार नाही. कुटुंबाला हवे तर तळाशी चार शब्द कोरता येतील. देह घरी नेण्याची मुभा दिली असती, तर ती श्रीमंतांनाच परवडली असती. या नियमाविरुद्ध मोठे वादळ उठले. ८,००० हून अधिक सह्यांचा अर्ज गेला. आपल्या मुलाच्या कबरीवर आपल्या पसंतीचा क्रूस उभारण्याचा अधिकार सरकारने का हिरावून घ्यावा, असा आयांचा सवाल होता. त्या मातांचे दुःख खोटे नव्हते. तरीही आयोग ठाम राहिला, आणि मला वाटते, योग्य तेच केले. मरणात तरी उच्चनीच नसावे, ही गोष्ट सांगायला सोपी आणि करायला अवघड आहे. आपल्या ख्रिस्ती दफनभूम्यांतील संगमरवर आणि ओबडधोबड सिमेंट पाहिले की ती किती अवघड आहे हे कोणाही धर्मगुरूला कळते.

काही वर्षांपूर्वी धर्मग्रामातील मंडळींना घेऊन पुण्याला गेलो असता आम्ही या दफनभूमीत थांबलो होतो. आमच्यात शिरपूरकडचे एक निवृत्त हवालदार होते. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “फादर, रागावू नका. पण आपल्यावर राज्य करायला आलेल्यांची थडगी आपण एवढ्या निगुतीने का जपायची? आमच्या थाळनेरला यांच्याच फौजेने तीनशे माणसं कापली. त्यांच्या नावाचा एक तरी दगड आहे का?”

हा प्रश्न बाजूला सारण्यासारखा नाही, म्हणून थाळनेरची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो. धुळे जिल्ह्यात, तापीच्या काठी थाळनेर आहे. एकेकाळी ही फारुकी राजांची राजधानी होती. जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडील आपला मुलूख इंग्रजांना दिला. त्यात थाळनेरही गेले. खडकीच्या लढाईनंतर चार महिनेही झाले नव्हते तेव्हा, २७ फेब्रुवारी १८१८ रोजी, सर थॉमस हिस्लॉपची फौज किल्ल्यासमोर येऊन उभी राहिली. किल्लेदार तुळशीराम मामा याने आधी किल्ला द्यायला नकार दिला. मग तोफांचा मारा झाल्यावर तो बाहेर येऊन स्वाधीन झाला. आतील शिबंदी बहुतांशी अरबांची होती. शेवटच्या दरवाजाशी तिची आणि इंग्रज अधिकाऱ्यांची बोलणी चालू असता, दिंडीतून आत शिरलेल्या मोजक्या अधिकाऱ्यांवर व शिपायांवर हल्ला झाला. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. इंग्रजांनी त्याला दगाबाजी म्हटले. शरणागतीच्या अटी एकमेकांना नीट कळल्याच नव्हत्या, असे म्हणण्यासही पुष्कळ जागा आहे. त्यानंतर फौज आत घुसली. सुमारे ३०० माणसांची शिबंदी कापली गेली आणि जो आधीच स्वाधीन झाला होता त्या किल्लेदाराला फाशी देण्यात आली.

विलायतेतही हे सर्वांना रुचले नाही. १८१९ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाने या युद्धातील सेनापतींचे आभार मानणारा ठराव केला, तेव्हा थाळनेरच्या किल्लेदाराची फाशी त्या आभारांतून मुद्दाम वगळण्यात आली. एका साम्राज्याच्या सभागृहाने आपल्या विजयी सेनापतीबाबत एवढा तरी संकोच दाखवावा, ही लहान गोष्ट नव्हे. पण ठरावाच्या शब्दांत स्थान मिळाले ते किल्लेदाराला. ज्यांना नाव नव्हते ती ३०० माणसे कुठेच आली नाहीत. थाळनेरला आजही फारुकी राजांचे मकबरे उभे आहेत, त्यांवरील कोरीवकाम पाहायला जाणकार येतात. शिबंदीतील माणसांसाठी मात्र तिथे काही नाही.

आता हवालदारांच्या प्रश्नाकडे वळू. तो वस्तुतः दोन प्रश्नांचा मिळून झाला आहे, आणि दोहोंची उत्तरे मला वेगवेगळी दिसतात.

परक्यांची थडगी का जपायची? या प्रश्नामागे एक समजूत दडलेली असते, की कबर हे एक पारितोषिक आहे. ज्याचे कार्य न्याय्य होते त्यालाच ते द्यावे. पवित्र शास्त्रात ही समजूत कुठेच टिकत नाही. निनवेत परागंदा झालेला तोबीत राजाने ठार केलेल्या आपल्या बांधवांची प्रेते चोरून पुरत असे. त्यासाठी त्याला घरदार सोडून पळावे लागले, परत आल्यावर शेजाऱ्यांनी त्याची टर उडवली, तरी भरल्या ताटावरून उठून तो पुन्हा एक प्रेत उचलायला गेला. मृताची वर्तणूक कशी होती याची चौकशी त्याने केल्याचे लिहिलेले नाही. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथातील बाराव्या अध्यायात तर याहून बोलका प्रसंग आहे. यहुदाचे लोक आपल्या पडलेल्या सैनिकांना पुरायला जातात आणि पाहतात तो प्रत्येकाच्या अंगरख्याखाली यामनियाच्या मूर्तींचे ताईत. धर्मासाठी लढणारे हे लोक स्वतःच धर्मबाह्य वागले होते. यहुदा त्यांना टाकून जात नाही, की त्यांचे पाप झाकतही नाही. तो वर्गणी गोळा करून चांदीच्या २,००० द्राख्मा यरुशलेमला पाठवतो, त्यांच्या पापासाठी अर्पण व्हावे म्हणून. मृतांसाठी प्रार्थना करण्याच्या आपल्या परंपरेचा मोठा आधार हाच प्रसंग आहे, आणि तो दोषी सैनिकांविषयी आहे हे आपण बहुधा विसरतो.

तेव्हा कबर राखणे म्हणजे प्रशस्तिपत्र देणे नव्हे. खडकीच्या हिरवळीला पाणी घालणारा माळी साम्राज्याला मुजरा करीत नसतो. युद्धकबरींच्या आयोगाचा खर्च सहा देशांची सरकारे उचलतात आणि त्यांत भारतही आहे. मला त्यात लाजिरवाणे काही दिसत नाही. उलट एका गोष्टीचा विचार करावा. १० जुलै १९४४ रोजी इटलीत तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा पलटणीचा नाईक यशवंत घाडगे वयाच्या बाविसाव्या वर्षी पडला. कुलाबा जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या रायगडातला, हा तरुण. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण त्याची कबर ज्ञात नाही. कासिनो येथील स्मारकावर त्याचे नाव आहे. २०२३ साली इटलीतील मोंतोने या गावी त्याच्या स्मरणार्थ एक सौरघड्याळ उभारण्यात आले. ज्यांच्या गावातून परकी फौज लढत गेली त्यांनी घाडग्यांच्या मुलाचे नाव जपले. खडकीत आपण कोण्या इंग्रज शेतकऱ्याच्या वा आफ्रिकन गुराख्याच्या मुलाचे नाव जपतो, ते याच नात्याने.

हवालदारांच्या प्रश्नाचा दुसरा भाग मात्र बोचतो, कारण त्यांची तक्रार मुळात कबरींबद्दल नव्हतीच. एकाला नाव आणि दुसऱ्याला काहीच का नाही, असे ते विचारत होते.

आणि इथे त्या समान शिळांची गोष्ट अडखळते. पहिल्या महायुद्धात पुण्याच्या नावाची एक संपूर्ण डिव्हिजन, सहावी पूना डिव्हिजन, मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. तैग्रिस नदीच्या काठी कूत येथे ती वेढ्यात सापडली; घोडे आणि खेचरे कापून खाण्याची वेळ आली आणि अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी ती तुर्कांना शरण गेली. कैदेत पुढे किती मेले ते वेगळेच. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत ज्यांची कबर ज्ञात नाही अशा ४०,००० हून अधिक मृतांसाठी बसरा येथे स्मारक उभारले गेले, १९२९ साली त्याचे अनावरण झाले. तिथे ब्रिटिश शिपायाचे नाव कोरले आहे. भारतीय अधिकाऱ्याचे नाव कोरले आहे. भारतीय शिपायाचे नाही. त्याच्या पलटणीचे नाव आणि त्यापुढे आकडा, एवढेच. पलटणीतील इतके गेले.

दगड अपुरा पडला, असे म्हणायची सोय नाही. त्याच आयोगाने दोनच वर्षे आधी, १९२७ मध्ये, फ्रान्समधील नव्ह-शापेल येथे ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे एकेक करून कोरली होती. म्हणजे युरोपच्या डोळ्यांसमोर मेलेल्या शिपायाला नाव होते, आणि वाळवंटात मेलेला त्याचाच भाऊबंद आकडा झाला. आफ्रिकेत याहून वाईट घडले. अनेक ठिकाणी आकडाही लागला नाही. आयोगाने नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये हे सारे स्वतःच मान्य केले. तिच्या अंदाजाने ४५,००० ते ५४,००० आशियाई आणि आफ्रिकी मृतांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही. आणखी किमान १,१६,००० जणांचे, कदाचित ३,५०,००० जणांचे, नावाने किंवा मुळीच झाले नाही. आयोगाने क्षमा मागितली, ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटमध्ये मागितली. शंभर वर्षांनी का होईना, आपलीच चूक आपल्याच कागदपत्रांतून काढून जगापुढे ठेवणारी संस्था आदरास पात्र आहे. आपल्याकडच्या किती संस्था असे करतील?

पण त्या अहवालातून कळणारे कारण अधिक विचार करायला लावते. ही माणसे कबर आणि नावाला महत्त्व देत नाहीत, त्यांना ते समजणारही नाही, असे त्या काळच्या काही गोऱ्या अधिकाऱ्यांचे मत होते. हिंदू तर दहन करतात, मग दगड कशाला? या युक्तिवादात अज्ञान आहेच, त्याहून सोय अधिक आहे. श्राद्धात पिंड देताना पित्याचे, आजोबांचे, पणजोबांचे नाव आणि गोत्र उच्चारावे लागते. नावावाचून विधी पुढे सरकत नाही. पितृपक्षातील चतुर्दशी तर खास शस्त्राने मेलेल्यांसाठी राखून ठेवलेली आहे. ज्याची तिथी माहीत नाही त्याच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहे. नाशिकला धुळवडीच्या दिवशी घरोघरचे वीर वाजतगाजत निघतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत देवळाच्या आवारात वीरगळ उभे असतात. खाली लढाई, मध्ये अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. देह जाळणारा समाज मृताला विसरतो, हे ज्यांनी लिहिले त्यांनी एखाद्या शिपायाच्या आईला विचारले नसावे. (वीरगळावर नाव क्वचितच असते, हेही खरे. पण ज्यांनी तो उभारला त्यांना तो कोणाचा हे ठाऊक होते. पुसले गेले ते नंतर.)

अशा मोठ्या दफनभूम्यांतील स्मरणशिलेसाठी रडयार्ड किपलिंग यांनी जे वचन निवडले ते बेन सिराच्या ग्रंथातील चव्वेचाळिसाव्या अध्यायाच्या चौदाव्या ओवीतून घेतलेले आहे. त्यांचे नाव पिढ्यान्‌पिढ्या राहील, असा त्याचा आशय. हा ग्रंथ आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंच्या प्रमाण शास्त्रात नाही, तरी तिथलेच वचन साऱ्या साम्राज्याच्या कबरींवर गेले, याची मला नेहमी गंमत वाटते. किपलिंगचा स्वतःचा मुलगा १९१५ मध्ये लूच्या लढाईत बेपत्ता झाला होता. बापाच्या हयातीत त्याची कबर सापडली नाही. नाव राहावे ही त्या माणसाची आस उसनी नव्हती. पण त्याच अध्यायात, अवघ्या पाच ओव्या आधी, नवव्या ओवीत, बेन सिरा अशाही लोकांचा उल्लेख करतो ज्यांची काहीच आठवण उरली नाही, जे जन्मलेच नव्हते जणू असे नाहीसे झाले. तो त्यांना यादीबाहेर टाकत नाही. थोर पूर्वजांच्या स्तुतीच्या मधोमध त्यांना जागा देऊन तो पुढे जातो. शिलेवर चौदावी ओवी आली आणि बसऱ्याच्या भिंतीवर नववी खरी ठरली.

कोणी म्हणेल, परमेश्वराला सर्वांची नावे ठाऊक आहेत, मग दगडाचा एवढा आग्रह कशासाठी? हे म्हणणे श्रद्धेचे आहे, तरी ते आळसाचेही होऊ शकते. ख्रिस्तसभेचा कायदा, कलम ११८२, दफनानंतर मृतांच्या नोंदवहीत नोंद करण्याची आज्ञा देतो. परमेश्वराची स्मृती कमी पडते म्हणून ती वही नसते. माणसांची जबाबदारी माणसांवर राहावी यासाठी ती असते. माझ्या हाताखालून गेलेल्या जुन्या वह्यांत रेल्वेच्या वाफेच्या इंजिनाने भाजून मेलेला फायरमन आहे, दुष्काळात मिशनच्या ओट्यावर सापडलेले मूल आहे. त्या मुलाच्या नावाच्या रकान्यात कोण्या पूर्वसुरी धर्मगुरूने, मरण्यापूर्वी बाप्तिस्मा देताना ठेवलेले नाव लिहिले आहे. आकडा लिहून त्यांना पुढे जाता आले असते.

नावे शोधता येत नाहीत, असेही नाही. पंजाबात महायुद्धानंतर गावोगावच्या सुमारे ३,२०,००० सैनिकांच्या नोंदी केल्या गेल्या होत्या. त्या वह्या लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. त्यांचा पहिला भाग २०२१ साली सर्वांना पाहता येईल असा खुला झाला, आणि दूरदेशीच्या नातवंडांना आपले पणजोबा सापडले. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात आपली ४६ माणसे गमावली. तिथल्या घराघरांत ती आठवण आहे. खानदेशातून कोण गेले, कोण परतले नाही, याची चौकशी आपल्या शाळा-महाविद्यालयांनी गावातील जुन्या कागदांतून का करू नये? पूर्वी सैनिक जिथे पडे तिथेच त्याच्यावर बहुधा अंत्यसंस्कार होत. १९९९ च्या कारगिल युद्धापासून तिरंग्यात लपेटलेला देह गावी येतो, रस्ते माणसांनी फुलतात, मग चौकात स्मारक होते. ते योग्यच आहे. पण त्याच गावातून १९१५ साली गेलेल्या माणसाला चौक मिळाला नाही, कारण तो कोणाच्या देशासाठी मेला हे सांगणे अवघड आहे. भाकरीसाठी गेला असेल, पलटणीच्या इभ्रतीसाठी लढला असेल. तोही मेलाच.

थाळनेरच्या ३०० जणांच्या बाबतीत आकड्याखेरीज आपल्या हाती काही नाही. पण नाव ठाऊक असताना आकडा लिहिणे आणि नाव हरवले म्हणून आकडा लिहिणे, यांत महदंतर आहे. पहिला अपमान असतो, दुसऱ्यात निदान खेद असतो. किल्ल्याच्या पडक्या दरवाजाशी एक साधा फलक लावावा. त्यावर २७ फेब्रुवारी १८१८ ही तारीख असावी, किल्लेदार तुळशीराम मामाचे नाव प्रथम असावे, आणि त्याखाली, नावे उरली नाहीत अशा शब्दांत, सुमारे ३०० अरब शिपायांची नोंद असावी. गॉर्डन आणि मॅकग्रेगर यांची नावेही असावीत, असे माझे मत आहे. ते पुष्कळांना पटणार नाही, हे मी जाणून आहे. फलक मराठीत हवाच, आणि जमल्यास अरबीतही, कारण त्यांच्या गावाकडचे कोणी कधी तापीकाठी येईल का, हे आज सांगता येत नाही.